अफूच्या जागी कॉफी, पण उचल कोण देणार?

पर्यायी उपजीविकेच्या, म्हणजे अफू-कोका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना दुसरं उत्पन्न उभं करून देण्याच्या, कामात येऊ पाहणारे विद्यार्थी भेटले की जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अफूच्या जागी कोणतं पीक लावायचं? कृषी अर्थशास्त्र शिकून मी या क्षेत्रात आलो तेव्हा माझाही प्रश्न हाच होता. म्यानमारच्या शान राज्यातल्या डोंगरगावांत फिरताना वहीत दोन रकाने आखले होते, एक अफूच्या उत्पन्नाचा, दुसरा कॉफीच्या. कागदावर कॉफी सरस ठरत होती. तरी लोक तयार होईनात.

शेवटी एका म्हातारीने दुभाषामार्फत मलाच विचारलं, "पावसाळ्यात घरातला तांदूळ संपतो. तेव्हा तुझी कॉफी तांदूळ देईल का?"

त्यानंतर मी पिकांऐवजी घरखर्चाचा हिशेब मांडायला लागलो. अफू साधारण चार महिन्यांत हाती येते. बोंडांना चिरा देऊन काढलेला चीक सुकवला की पुष्कळ काळ टिकतो. तो वजनाला हलका, त्यामुळे रस्ता नसला तरी पाठीवरून नेता येतो, आणि बऱ्याचदा व्यापारीच दारात येतो. मुख्य म्हणजे पीक उभं राहण्याआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे मिळतात. अफगाणिस्तानात या उचलीच्या पद्धतीला 'सलाम' म्हणतात. जिथे बँक नाही तिथे अफू हेच कर्ज आणि हीच बचत. कॉफीच्या झाडाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. लाल फळं तोडल्यावर त्यांवर लगेच प्रक्रिया करावी लागते, नाहीतर दर्जा जातो. मधली वर्षं घर कशावर चालवायचं, याचं उत्तर तुमच्या आराखड्यात नसेल तर रोपं फुकट वाटूनही उपयोग नाही.

हे मला फार महागात शिकावं लागलं. मी काम केलेल्या एका प्रकल्पाचा निधी तीन वर्षांचा होता. रोपं लावली, हेक्टर मोजले, अहवाल गेला. चौथ्या वर्षी फळ आलं तेव्हा आमच्यापैकी तिथे कोणीच नव्हतं, खरेदीदारही नव्हता. काही कुटुंबं वरच्या उतारावर पुन्हा अफू पेरू लागली. त्यांना दोष देणं मला आजही जमत नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी आधी थायलंडच्या चियांग राय प्रांतातला दोई तुंग प्रकल्प अभ्यासायला सांगतो. 1988 साली सुरू झालेल्या या कामाचा आराखडाच 30 वर्षांचा होता. लोकांना आधी झाडं लावण्याची मजुरी मिळाली, सोबत आरोग्य आणि शिक्षणाची कामं झाली. कॉफी आणि मॅकाडेमिया या कठीण कवचाच्या फळावरची प्रक्रिया तिथेच उभी राहिली आणि माल स्वतःच्या नावाने विकला गेला. शान राज्यातल्या ग्रीन गोल्ड सहकारी संस्थेची कॉफी मालोंगो या फ्रेंच कंपनीने घेतली, तेही बघा. खरेदीदार आधी बांधलेला असला की चित्र कसं बदलतं ते कळेल. बोलिव्हियाच्या चापारे भागाची वाट वेगळी. तिथे प्रत्येक कुटुंबाला एक 'कातो', म्हणजे 1,600 चौरस मीटर कोका (ज्याच्या पानांपासून कोकेन बनतं ते झुडूप) लावायची मुभा मिळाली आणि मर्यादा पाळली जाते की नाही यावर शेतकरी संघटनांनीच नजर ठेवली.

याच्या उलट बाजूला अफगाणिस्तान. एप्रिल 2022 मध्ये तालिबानने बंदी घातली आणि अफूखालचं क्षेत्र 2,33,000 हेक्टरवरून 2023 मध्ये 10,800 हेक्टरवर आलं. आकडा थक्क करणारा आहे. पण ज्यांचं पीक गेलं त्या घरांत त्या हिवाळ्यात काय शिजलं, हे तो आकडा सांगत नाही. त्याच वर्षी म्यानमार जगातला सर्वांत मोठा अफू उत्पादक ठरला.

वाचायला सुरुवात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2013 मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी विकासाच्या मार्गदर्शक तत्त्वांपासून करा. मग 2015 च्या जागतिक अमली पदार्थ अहवालातलं याच विषयावरचं प्रकरण. आधी पीक उपटा, मग मदत देऊ, असा क्रम लावला की काय होतं याचा विचार दोन्ही वाचताना मनात ठेवा. नोकऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हे कार्यालयात, जीआयझेड या जर्मनीच्या सरकारी विकास संस्थेत, दोई तुंग चालवणाऱ्या मे फा लुआंग फाउंडेशनसारख्या संस्थांत असतात, पण फार नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, त्याची सोय आधी करून ठेवा. माझ्या मते व्हिएन्नात, या कार्यालयाच्या मुख्यालयात होणाऱ्या बैठकांपेक्षा एखाद्या कॉफी सहकारी संस्थेत काढलेला एक तोडणीहंगाम जास्त शिकवतो. स्पॅनिश येत असेल तर कोलंबिया, पेरू, बोलिव्हिया हे कोका पिकवणारे तिन्ही देश खुले होतात.

गावात गेल्यावर पहिल्या भेटीत अफू किती पेरता हे विचारू नका. पाणी, शाळा, तांदूळ किती महिने पुरतो, एवढंच बोला. देणं कुणाचं आणि किती, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीत विचारा. आणि वहीत नाव लिहू नका, फक्त घराला क्रमांक द्या. ती वही उद्या कोणाच्या हाती पडेल ते तुमच्या हातात नसतं, आणि ज्या पिकाबद्दल तुम्ही विचारताय त्यासाठी त्या माणसाला तुरुंगात जावं लागू शकतं.