रस्ता अपघातात जखमी झालात, तर भरपाईचा दावा असा उभा करा

कॅज्युअल्टीतला डॉक्टर आधी विचारतो, "कसं लागलं?" पोलिसांची कटकट नको म्हणून सोबतचा नातेवाईक सांगून टाकतो, "गाडी घसरली." केसपेपरवर तेवढीच ओळ उतरते. पुढे विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद ट्रिब्युनलपुढे, म्हणजे अपघात भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, ठेवतो आणि विचारतो, मग दुसरी गाडी आली कुठून? म्हणून जे घडलं तेच सांगा: किती वाजता, कुठे, कोणत्या गाडीने आणि कुठल्या बाजूने धडक दिली. नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्यायला लावा. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, अशी नोंद झाली का ते विचारून तिचा नंबर टिपून ठेवा.

जागेवर आधी १०८ ला फोन, मग ११२ ला. मदतीला थांबलेल्या माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, हे त्याला सांगा आणि त्याचा फोन नंबर मागून घ्या. पुढे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार शोधून सापडत नाही. जखमीला हलवल्यावर कोणीतरी फोटो काढावेत, पण कशाचे, ते अपघातावर ठरतं. रात्री रस्त्यावर उभ्या ट्रकला मागून धडक बसली असेल, तर ट्रकची मागची बाजू हवी: टेललाइट चालू होते का, रिफ्लेक्टर होता का. राँग साइडने आलेल्या गाडीसाठी दुभाजक आणि टायरच्या खुणा एकाच फोटोत याव्यात. कारचं दार अचानक उघडलं असेल, तर ते दार उघडं असतानाच फोटो घ्या. जवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल, तर पोलिसांना त्याच दिवशी सांगा. जुनं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसलं जातं.

ठाण्यातून चार कागद मिळवायचे: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, जखमीचा जबाब आणि पुढे दोषारोपपत्र. पंचनाम्यातली दिशा आणि अंतरं नीट वाचा. गाडी रस्त्याच्या मध्ये होती की कडेला, यावर निष्काळजीपणा कोणाचा ते ठरतं. चूक दिसली तर तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत ट्रिब्युनलला पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. तो गेला का, हे विचारायला संकोच करू नका. समोरच्या गाडीचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, ते एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून बघता येतं.

औषधाचं प्रत्येक बिल पेशंटच्या नावाचं, तारखेचं आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी असलेलं हवं. मेडिक्लेमसाठी मूळ बिलं देणार असाल, तर आधी साक्षांकित प्रती काढा. रिक्षाभाडं, सांभाळायला ठेवलेली बाई, कामाचे खाडे, सगळं वहीत तारखेनिशी लिहा.

खरी रक्कम ठरते ती अपंगत्वावर, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. दाखल्यावर "उजवा पाय ३० टक्के" असतं. तो आकडा त्या पायाचा, सगळ्या शरीराचा नाही. ट्रिब्युनल बघतं की त्यामुळे त्या माणसाची कमाई किती घटली. ३२ वर्षांचा प्लंबर महिना १८,००० कमावत असेल, तर भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून २५,२०० होतात, म्हणजे वर्षाचे ३,०२,४००. त्या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्या आकड्याने गुणतात तो, १६, म्हणून एकूण ४८,३८,४००. कमाईतली घट १० टक्के मानली तर ४,८३,८४० मिळतात, ३० टक्के मानली तर १४,५१,५२०. प्लंबरला उकिडवं बसता येत नाही, शिडी चढता येत नाही, हे डॉक्टरने साक्षीत सांगायला हवं. नुसता दाखला जोडून भागत नाही. उत्पन्नासाठी बँकेचं पासबुक, यूपीआयच्या नोंदी, कामाची बिलं, ठेकेदाराचं पत्र, जे असेल ते द्या.

दावा कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात झाला त्या ठिकाणी, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही करता येतो. कोल्हापूरच्या माणसाला सोलापूरजवळ लागलं, म्हणून त्याने सोलापूरला खेटे घालायची गरज नाही. मुदत अपघातापासून ६ महिन्यांची. ती टळली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय नाद सोडू नका. या मुदतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे.

दवाखान्याच्या दारात येऊन "केस मी बघतो, मिळेल त्यात २५ टक्के" म्हणणाऱ्याला वकीलपत्र देऊ नका. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांच्या नियमांतच बसत नाही. फी आधी ठरवा, पावती घ्या, कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या कागदावर सही नाही. अर्जात स्वतःच्या बँक खात्याचा तपशील द्या. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर दावा ट्रिब्युनलात नाही. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे. गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. वेगळी सोय उपचारांची: मे २०२५ पासूनच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत. भरतीच्या वेळीच विचारा.

लोकअदालतीत विमा कंपनी आकडा पुढे करते आणि घरच्यांना वाटतं, मिटवून टाकू. आधी डॉक्टरांना विचारा, आतला रॉड काढायचं ऑपरेशन बाकी आहे का, किती खर्च येईल, आणि ते लेखी घ्या. अपंगत्वाचा दाखला हातात नसेल तर पुढची तारीख मागा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.