कात्रणाची मागची बाजू: जुन्या वर्तमानपत्रांतून घराण्याचा शोध

जुन्या वहीत जपून ठेवलेले कात्रण हाती आले की आपण त्यात आधी आपल्या माणसाचे नाव शोधतो आणि ते सापडले की बहुधा तिथेच थांबतो. माझा आग्रह असा की नाव सापडल्यावर कात्रण उलटून पाहावे. पुढची बाजू कापणाऱ्याने निवडलेली असते, मागची मात्र कात्रीत अनायासे आलेली असते, आणि तारखेचा पुरावा पुष्कळदा तिथेच मिळतो.

समजा, एका निधनवार्तेत ‘गुरुवार, ता. २४ रोजी’ एवढेच छापलेले असून महिना किंवा वर्ष कुठेच नाही, पण मागे अर्धवट कापलेल्या रकान्यात चांद्रवीर समुद्रात सुखरूप उतरल्याची बातमी आहे. अपोलो ११ चे अंतराळवीर २४ जुलै १९६९ रोजी परतले आणि अपोलो १२ चे त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला. परंतु जुलैतील तो दिवस गुरुवार होता, नोव्हेंबरातील सोमवार. म्हणजे हे कात्रण जुलैच्या अखेरच्या आठवड्यातले असावे. त्याच वार्तेत वय ७० दिले असेल, तर जन्मवर्ष १८९८ किंवा १८९९ येते. नुसती वजाबाकी करून १८९९ लिहून टाकू नये, कारण त्या वर्षीचा वाढदिवस झाला होता की नाही हे आपल्याला ठाऊक नसते.

वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन राहिलेले असते, त्यामुळे उजेड आणि हवा लागून तो पिवळा व ठिसूळ होत जातो. म्हणून अभ्यासाला बसण्यापूर्वीच दोन्ही बाजू कडांसकट रंगीत स्कॅन कराव्यात. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. मूळ कात्रण आम्लरहित कागदात किंवा पॉलिस्टरच्या पाकिटात, घडी न घालता ठेवावे.

तारीख हाती आली की पूर्ण अंक शोधावा, कारण त्याच व्यक्तीविषयी पुढच्या-मागच्या दिवशी आणखी काही छापलेले असू शकते. मोठ्या ग्रंथालयांत जुने अंक मायक्रोफिल्मवर मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हे संग्रह ऑनलाइन विनामूल्य पाहता येतात. अशा संग्रहांत यंत्राने वाचलेली अक्षरे वारंवार चुकतात, म्हणून नाव सापडले नाही तर ते निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहावे, आणि तरीही न मिळाल्यास पत्ता, व्यवसाय किंवा शेजाऱ्याचे नाव घालून शोधावे. विवाहित स्त्रीचा उल्लेख अनेकदा पतीच्या नावानेच छापला जाई. तिच्या स्वतःच्या नावाने शोधत राहिलो तर ती आपल्याला सापडतच नाही, आणि वंशवेलीतील कितीतरी जागा अशाच रिकाम्या राहिल्या आहेत याचे मला फार वाईट वाटते.

निधनवार्तेतील प्रत्येक गोष्टीवर सारखाच विश्वास ठेवू नये. मृत्यूची तारीख ताजी असल्याने ती सहसा बरोबर असते, परंतु जन्मस्थळ आणि वय हे शोकाकुल नातलगांनी आठवून सांगितलेले असते, तेव्हा जन्माच्या सुमारास झालेली नोंद मिळवून ते पडताळावे. ‘मागे कोण परिवार आहे’ ही ओळ सर्वांत मोलाची, कारण पुढच्या शोधाची नावे तिथेच मिळतात. मात्र एखादे नाव त्यात नाही एवढ्यावरून ती व्यक्ती आधीच वारली होती असे मानू नये.

कात्रणे वाढू लागली की पूर्वजांना क्रमांक द्यावेत. स्वतःला १, वडिलांना २, आईला ३; पुढे कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील आणि त्यात एक मिळवला की आई. आईचे वडील ६, तर त्यांची आई १३. स्कॅनच्या नावात हा क्रमांक, अंकाची तारीख आणि पान लिहावे. तारीख अंदाजाने काढलेली असेल तर तसे स्पष्ट नमूद करावे.

या सगळ्यासोबत, घरातील वडीलधाऱ्यांसमोर कात्रण ठेवून ते कोणी कापले होते एवढे जरूर विचारावे. उत्तर मिळाल्यास तेही त्या दिवसाच्या तारखेसह त्याच नोंदीत लिहावे.