निर्यात कार्यालयात रुजू होणाऱ्यांसाठी : 'हॅव' हे क्रियापद

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद आणि बेदाणा परदेशी पाठवणाऱ्या एका पेढीचा इंग्रजी पत्रव्यवहार मी बरीच वर्षे सांभाळतो आहे. जत, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतली, मराठी माध्यमात शिकलेली पदवीधर मुले-मुली आमच्याकडे रुजू होतात, तेव्हा त्यांना धास्ती असते ती अवघड इंग्रजी शब्दांची. प्रत्यक्षात त्यांच्या ई-मेलमध्ये सर्वाधिक दुरुस्त्या कराव्या लागतात त्या 'हॅव' या क्रियापदाच्या, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

'मला दोन बहिणी आहेत', 'माझ्याकडे गोदामाची किल्ली आहे', 'खोलीला एकच खिडकी आहे', 'आईला ताप आहे' या चारही वाक्यांत मराठी 'असणे' या एकाच क्रियापदावर काम भागवते आणि नाते दाखवण्यासाठी 'ला' किंवा 'कडे' जोडते. इंग्रजीत मात्र ज्याचे आहे तो कर्ता होऊन वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि त्याच्यामागे 'हॅव' किंवा 'हॅज' : 'आय हॅव टू सिस्टर्स', 'द रूम हॅज वन विंडो'. अशा अर्थाने वापरताना 'हॅविंग' म्हणू नये. 'वी आर हॅविंग स्टॉक' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण पत्रात 'वी हॅव स्टॉक' एवढेच लिहावे. जेवण, चहा किंवा बैठक चालू असेल, तर 'वी आर हॅविंग लंच' हे अगदी बरोबर आहे, कारण तेथे काहीतरी असण्याचा नव्हे, काहीतरी करण्याचा अर्थ आहे.

पूर्ण झालेल्या कामाविषयी लिहिताना अधिक सावध राहावे लागते. 'आम्ही काल बिल पाठवले आहे' हे मराठीत सहज खपून जाते. इंग्रजीत 'यस्टरडे' आले की 'हॅव' गळते आणि 'वी सेंट द इनव्हॉइस यस्टरडे' असे साध्या भूतकाळात लिहावे लागते. दिवस सांगायचा नसेल, तरच 'वी हॅव सेंट द इनव्हॉइस' म्हणावे. तसेच, साहेब तासगावला गेले असून अजून परतलेले नसतील तर 'ही हॅज गॉन टू तासगाव', आणि ते पूर्वी कधीतरी तेथे जाऊन आलेले असतील तर 'ही हॅज बीन टू तासगाव'. आपले 'गेले आहेत' आणि 'जाऊन आले आहेत' हा भेद येथे नेमका उपयोगी पडतो.

माझ्या मते सर्वांत मोलाचा, आणि शाळेत सर्वांत कमी शिकवला जाणारा, उपयोग म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घेण्याचा. हळदीतील कुरकुमीनचे प्रमाण किंवा बेदाण्यातील कीटकनाशकांचे अवशेष आपण स्वतः तपासत नाही, प्रयोगशाळेकडून तपासून घेतो. त्यासाठी 'वी हॅड द सॅम्पल टेस्टेड' असे लिहितात. हेच शब्द जागा बदलून 'वी हॅड टेस्टेड द सॅम्पल' असे लिहिले, तर 'आम्ही नमुना तपासला होता' असा अर्थ होतो आणि तपासणी आपणच केली असे खरेदीदाराला वाटते. त्रयस्थ प्रयोगशाळेचा अहवाल मागणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नसतो, म्हणून अशा प्रत्येक वाक्यात वस्तूचे नाव 'हॅड' आणि 'टेस्टेड' यांच्या मध्ये आले आहे का, हे पत्र पाठवण्यापूर्वी बोट ठेवून पाहावे. मोबाइल दुरुस्त करून घेणे, केस कापून घेणे, पोती मोजून घेणे, सगळे याच साच्यात बसते.

सक्तीसाठी 'हॅव टू' आहे : 'कंटेनर आज भरावाच लागेल' याला 'वी हॅव टू लोड द कंटेनर टुडे'. नकारात मात्र मराठीने दिशाभूल होते. 'यू डोन्ट हॅव टू साइन' म्हणजे सही करण्याची गरज नाही. सही करू नका, असा त्याचा अर्थ नव्हे. मनाई करायची असल्यास 'यू मस्ट नॉट साइन' लिहावे. फोनवर परदेशी माणूस बोलतो तेव्हा हे 'हॅव टू' बहुधा 'हॅफ टू' असे ऐकू येते. तो उच्चार कानाला आधीच ठाऊक असला की संभाषणाचा धागा सुटत नाही.