फायबर जोडताय? आधी टोक पुसा, आणि या चुका टाळा

ओएनटीवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरातल्या फायबरच्या डब्यावर, लाल दिवा लुकलुकायला लागला की कामाला नवी लागलेली मुलं थेट जॉइंट उघडायला धावतात. इतक्या वर्षांत मला बहुतेक वेळा दोष सापडला तो कनेक्टरच्या टोकावर. निव्वळ घाण.

सिंगल मोड फायबरचा गाभा असतो साधारण 9 मायक्रॉनचा. माणसाचा केससुद्धा त्याच्या कितीतरी पट जाड. तिथे धुळीचा एक कण बसला तरी प्रकाशाची वाट अडते. वाटेत प्रकाश विरतो तो काचेच्या मूळ स्वभावामुळे नाही, तिच्यातल्या अशुद्ध द्रव्यांमुळे, हे चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये मांडलं. पुढे काच इतकी शुद्ध झाली, की 1550 नॅनोमीटरला किलोमीटरमागे जेमतेम 0.2 डीबी (प्रकाश किती घटला ते सांगणारं माप) जातात. अशा काचेच्या तोंडाला कुणी बोट लावलं की मला बघवत नाही.

एका पावसाळ्यात गुहागरच्या बाजूला एका स्प्लिटरवरची (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग) सगळी घरं रडायला लागली. प्रकाशाची ताकद मोजणारा मीटर दाखवत होता उणे 28 डीबीएम. हिशोब साधा होता: ओएलटीतून, म्हणजे कंपनीच्या टोकाच्या यंत्रातून, 3 निघतात, 1:32 च्या स्प्लिटरमध्ये 17 जातात, केबल आणि जोडांत मिळून 4. म्हणजे उणे 18 यायला हवेत. 10 डीबी कमी म्हणजे प्रकाश एक दशांश. बी प्लस वर्गाच्या ओएनटीची मर्यादा उणे 27, त्यामुळे लाइन येत-जात होती. मुलांनी ताडपत्री धरून भर पावसात तीन क्लोजर, म्हणजे जॉइंटचे डबे, उघडले आणि चांगले जॉइंट कापून पुन्हा मारले. फरक शून्य. संध्याकाळी मी विचारलं, "सकाळी ओएलटीच्या रॅकमध्ये काही बदललं का?"

"एक पॅच कॉर्ड बदलली, दादा. पण ती नवीकोरी आहे."

पॅच कॉर्ड म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर. लेझर बंद करून तिचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मधोमध तेलाचा डाग. टोपी काढून कॉर्ड शर्टाला पुसली होती. ती नीट पुसून लावली तरी आकडा पुरता सुधारला नाही, कारण अ‍ॅडॉप्टरच्या पलीकडच्या टोकालाही तीच घाण चिकटली होती. दोन्ही टोकं साफ केली आणि उणे 18 आले.

तेव्हापासून मी मोजणी ओएलटीपासून सुरू करतो, गिऱ्हाइकाच्या घरापासून नाही. क्लिक करायचा क्लीनर खिशात असतोच. पिशवीतून आत्ता काढलेली कॉर्डसुद्धा पुसतो, कारण टोपीच्या आतही धूळ असते. फुंकर तर कधीच मारू नका, थुंकीचे कण बसतात. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दुसरी चूक हिरव्या-निळ्याची. हिरवा कनेक्टर म्हणजे एपीसी, त्याचं टोक 8 अंशांत तिरकं घासलेलं. निळा यूपीसी, तिरका नसलेला. हिरवा निळ्यात खटकन बसतो आणि तिथेच माणूस फसतो. आत टोकं नीट भिडत नाहीत, फट राहते, पॉवर पडते, वर टोकांवर चरे उठायची भीती. "बसतंय ना, मग चालतंय" हे वाक्य मी माझ्या टीममध्ये चालू देत नाही. हाताशी योग्य कॉर्ड नसेल तर काम उद्या करा.

मीटरवर तरंगलांबी चुकीची ठेवून वाचलेला आकडा निरुपयोगी. जीपॉनचा, म्हणजे घरोघरच्या या फायबर जाळ्याचा, घराकडे येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा असतो, तीच ठेवा.

केबल टायने करकचून आवळू नका. घट्ट वळणाचा लॉस 1310 ला लपतो आणि 1550 ला उघडा पडतो, म्हणून मी ओटीडीआर (फायबरमध्ये दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) दोन्हींवर चालवतो.

लांब पल्ल्याचं एसएफपी (प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल) दोन मीटरच्या कॉर्डवर थेट लावू नका, मध्ये प्रकाश कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर हवा. नाहीतर समोरचा रिसीव्हर जळू शकतो.

जॉइंट मारताना स्लीव्ह, म्हणजे जोड झाकणारी नळी, आधी ओवा. मग सोला, अल्कोहोलने पुसा आणि शेवटी क्लीव्ह करा, म्हणजे टोक सरळ कापा. क्लीव्ह केल्यावर पुसलंत तर टोक पुन्हा खराब.

कापलेले काचेचे तुकडे झाकणाच्या बाटलीत टाका. लादीवर पडलेला तुकडा दिसत नाही, आणि त्या घरात मूल रांगत असतं.