गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय? स्क्रीन आणि प्रोसेसर नीट पारखून घ्या

दुकानात जाण्याआधी कोणते गेम खेळणार ते घरीच ठरवा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ असेल तर सेकंदाला जितक्या जास्त फ्रेम (चित्रं) तितकं बरं, आणि तिथे प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक २०७७ सारखा भारी गेम असेल तर बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर येतो. मग बजेट मांडा. रॅम आणि एसएसडी बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये मागाहून वाढवता येते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मदरबोर्डला सोल्डर केलेल्या असतात, आणि स्क्रीन बदलायची तर चांगलाच खर्च येतो. त्यामुळे पैसे कमी पडत असतील तर आत्ता १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीवर भागवा, पण या तीन गोष्टींत हात आखडता घेऊ नका.

स्क्रीनच्या बाबतीत जाहिरातीत हर्ट्झचा, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते याचा, आकडा ठळक असतो आणि रंगांचं माप कुठेतरी बारीक अक्षरात. ते आधी शोधा. ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांचं माप) आणि ‘२५० निट्स’ (उजेडाचं माप) असं दिसलं तर तो लॅपटॉप बाजूला ठेवा: रंग फिके दिसतील आणि दिवसा खिडकीजवळ बसलात तर गेममधला अंधारा कोपरा दिसणारच नाही. १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) आणि किमान ३०० निट्स हवेतच. हर्ट्झचं म्हणाल तर ६० वरून १४४ वर गेल्यावर फरक लगेच कळतो, कारण नवी फ्रेम साधारण १७ ऐवजी ७ मिलिसेकंदांनी येते. १४४ की १६५, यासाठी मात्र जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.

रिझोल्यूशन ग्राफिक्स कार्डाला झेपेल तेवढंच घ्या. १९२० बाय १०८० मध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके) असतात, २५६० बाय १६०० मध्ये जवळजवळ ४१ लाख, म्हणजे कार्डाचं काम दुप्पट. एनव्हिडियाच्या ६ जीबीच्या आरटीएक्स ४०५० कार्डाला पहिलंच बरं. ओलेड स्क्रीन (जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) फार सुंदर दिसते, पण दिवसभर तोच टास्कबार समोर राहणार असेल तर कालांतराने त्याचा डाग उमटण्याचा धोका असतो.

मक्स स्विच, म्हणजे ग्राफिक्स कार्ड थेट स्क्रीनला जोडणारा स्विच, आहे का, हे विचारायला विसरू नका. तो नसेल तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर जाणारी प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधून वळसा घेते आणि वेग घटतो.

प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचा, इंटेलच्या नुसत्या ‘आय७’ वर जाऊ नका. आय७-१२६५०एच मध्ये १० कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत, आय७-१२७००एच मध्ये १४. शेवटी ‘यू’ असेल तर तो पातळ, कमी वीज खाणाऱ्या लॅपटॉपसाठीचा. आपल्याला ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ हवा. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा: ७७३५एचएस मधला ३ म्हणजे जुनी झेन ३+ रचना, ७८४०एचएस मधला ४ म्हणजे झेन ४. दुकानदार दोन्हीला ‘रायझन ७’च म्हणेल. आय५ वरून आय७ वर जायला लागणारे पैसे बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डावर घातलेले चांगले. कार्डाचे वॅटही विचारा, कारण तेच आरटीएक्स ४०६० कंपनी ३५ वॅटवर चालवते की ११५ वर, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या शोरूममध्ये डेमो पीस सुरू करून मागा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं नाव आणि कोअर दिसतात. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हर्ट्झ बघा. ते ६० वर ठेवलेले असू शकतात. विकत घेतलेला पीस मात्र समोरच उघडा. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे रंग पूर्ण स्क्रीनभर लावून मेलेला पिक्सेल शोधा, आणि बिलावर पूर्ण मॉडेल नंबर व सिरीयल नंबर लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.