जुन्या फोनवर बँकेच्या अ‍ॅपपासून रूट कसं लपवायचं

जुना फोन मॅजिस्क या अ‍ॅपने रूट केलाय (म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा घेतलाय) आणि बँकेचं अ‍ॅप उघडताच बंद पडतंय, तर आधी मॅजिस्कचं व्हर्जन बघा, कारण 23 पर्यंत रूट लपवणारा मॅजिस्कहाइड नावाचा पर्याय होता, 24 पासून तो काढून झायजिस्क (अ‍ॅप सुरू होतानाच मॅजिस्कचा कोड चालवणारी सोय) आणि डिनायलिस्ट (ज्या अ‍ॅपपासून रूट लपवायचं त्यांची यादी) आलं.

24 किंवा त्यापुढचं असेल तर मॅजिस्कच्या सेटिंगमध्ये झायजिस्क चालू करा, फोन रिस्टार्ट करा, मग एन्फोर्स डिनायलिस्ट चालू करून कॉन्फिगरमध्ये बँकेचं अ‍ॅप शोधा. इथे बरेच जण चुकतात: नुसती टिक करून थांबू नका, नावावर टॅप केलं की खाली त्याच्या सगळ्या प्रोसेस (अ‍ॅपचे वेगवेगळे चालणारे भाग) उघडतात, त्या एकेक बघा, सगळ्यांवर टिक हवी. माझी एक राहिली होती, अख्खी संध्याकाळ त्यात गेली!

मग 'हाइड द मॅजिस्क अ‍ॅप' वापरून मॅजिस्कला दुसरं नाव द्या, कारण काही अ‍ॅप फोनमधली अ‍ॅपची यादीच चाळतात. शेवटी बँकेच्या अ‍ॅपचा डेटा क्लिअर करून परत लॉगिन करा, यूएसबी डिबगिंगही (केबलने कॉम्प्युटरवरून फोन हाताळायची सोय) बंद ठेवा. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक आहे का हे हार्डवेअरकडूनच विचारणारं अ‍ॅप मात्र एवढ्याने फसत नाही.