कोकम, आगळ आणि अ‍ॅजाइल: आयटीबाहेरच्या धंद्यात हे कुठे चालतं, कुठे नाही

कुडाळ-सावंतवाडीकडे आंबा-कोकम प्रोसेसिंगमधे नवीन उतरणारी पोरं हल्ली विचारतात, ते अ‍ॅजाइल, स्क्रम वगैरे आयटीवाल्यांचं ना, आपल्याला काय त्याचं. अ‍ॅजाइल म्हणजे सगळं आधीच ठरवून न बसता काम थोडं थोडं करून, बघून, सुधारत जायचं, आणि स्क्रम ही त्याचीच एक ठराविक पद्धत. उपयोग आहे, पण सगळीकडे नाही, आणि कुठे नाही ते आधी कळलेलं बरं.

हे फक्त सॉफ्टवेअरचं हा समज काढून टाका. फेब्रुवारी २००१ मधे अमेरिकेत युटाला १७ जणांनी बसून अ‍ॅजाइल मॅनिफेस्टो (जाहीरनामा) लिहिला तो सॉफ्टवेअरसाठीच, पण स्क्रमची मूळ कल्पना १९८६ सालच्या ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांच्या लेखातली, आणि त्यांनी बघितल्या होत्या होंडा, कॅनन असल्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्या. कानबान (कुठलं काम कुठवर आलंय ते कार्डांवर दाखवायची पद्धत) तर टोयोटाच्या कारखान्यातलंच.

मी कुठलाही निर्णय घेताना एकच बघतो, उद्या हे फिरवायचं झालं तर किती पैसे आणि किती दिवस जातील. कमी जाणार असतील तर जास्त चर्चा नको, थोडक्यात करून बघायचं.

आता लेबलचं घ्या. प्रेसवाला सांगतो एकदम जास्त छापा, स्वस्त पडेल, आणि पडतंही. पण आम्ही आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या मीठ घातलेल्या रसाच्या, बाटल्यांची लेबलं थोडी थोडीच छापली, दर थोडा महाग पडला तरी. पहिला माल मुंबईला गेला आणि फोन सुरू झाले की सरबत खारट आहे, खराब निघालं काय, कारण आगळात मीठ असतं हे कोकणाबाहेरच्या माणसाला कुठून माहीत असणार. पुढच्या लेबलवर मोठ्या अक्षरात टाकलं, साखर नाही, मीठ आहे, सोलकढीसाठी. मग लोक विचारायला लागले एका नारळाच्या दुधाला किती घालायचं, तर त्याच्या पुढच्या लेबलवर तेही आलं. एकदम गठ्ठा छापला असता तर तो संपेपर्यंत फोनवर तेच तेच सांगत बसलो असतो. मात्र एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख यात प्रयोग करायचे नाहीत, ते कायद्याचं काम आहे.

उलट बाजू म्हणजे आमसुलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मे मधे, सालं रसात भिजवून उन्हात वाळवायची, परत भिजवायची परत वाळवायची, आणि हे सगळं पाऊस लागायच्या आत. जूनमधे ऊन मिळत नाही, तिथे पुढच्या स्प्रिंटमधे (स्क्रममधला ठराविक मुदतीचा कामाचा टप्पा) सुधारू म्हणालात तर पुढचा स्प्रिंट पुढच्या वर्षी येतो. म्हणून मीठ, ड्रम, वाळवायची जागा, माणसं हे फेब्रुवारी-मार्चलाच पक्कं करायचं, अगदी जुन्या पद्धतीने कागदावर प्लॅन करून. कर्ज आणि मशिनरी पण याच खात्यातली. पल्पर (गर काढायचं मशीन) घ्यायचाय ना, आधी दुसऱ्याच्या युनिटवर जॉबवर्क करून घ्या, माल खपतोय का बघा, मग बँकेत जा.

कानबानमधलं घेण्यासारखं म्हणजे बोर्ड. भिंतीवर व्हाइटबोर्ड लावा, करायचंय, चालू, झालं असे तीन रकाने, आणि चालू मधे दोन-तीनच्या वर कामं घ्यायची नाहीत. ऐकायला सोपं वाटतं पण मे महिन्यात पाळणं महाकठीण, कारण प्रत्येकजण नवीन काम काढतो आणि लेबल न लावलेल्या बाटल्यांचे क्रेट वाटेत पडून राहतात, त्यांच्यावर पैसे खर्च झालेत पण विकता येत नाहीत.

स्क्रममधली रोजची पंधरा मिनिटांची मीटिंग ठेवा, पण घड्याळावर नको, कामाला येणाऱ्या बायकांची एसटी आल्यावर. आणि आठवड्याच्या शेवटी काय चुकलं असं मालकाने विचारलं की एकच उत्तर मिळतं, "कायच नाय, सगळा बरा आसा." त्यापेक्षा विचारायचं, या आठवड्यात कशासाठी थांबून राहावं लागलं? मग कळतं बुचं संपलेली, वजनकाटा एकच आहे आणि तोही दुसऱ्या खोलीत. यात कुणाचं नाव येत नाही म्हणून माणसं बोलतात. त्यातली एकच गोष्ट पुढच्या आठवड्यासाठी घ्यायची.

स्क्रमच्या सर्टिफिकेटच्या कोर्सला पैसे घालवू नका, निदान सुरुवातीला तरी. स्क्रम तयार करणाऱ्या श्वेबर आणि सदरलँड यांचं स्क्रम गाइड नेटवर फुकट आहे, २०२० ची आवृत्ती जेमतेम १३ पानांची, एका दुपारी वाचून होते, आणि तुम्ही दोघं-तिघंच असाल तर त्यातले ते रोल-बिल (कोणी कुठली जबाबदारी घ्यायची ते) सरळ सोडून द्या.